गेटवर गर्दी, तरी कंपनी बुडाली कशी? करमणूक उद्यानांच्या कंपन्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात आम्ही काही जण अधूनमधून एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन वाचायला बसतो. निवृत्त शिक्षक आहेत, पतसंस्थेत नोकरी करणारे आहेत, कॉलेजची मुलंही येतात. बँका आणि औषध कंपन्या वाचून झाल्यावर विषय निघाला करमणूक उद्यानांचा. अमेरिकेतली सिक्स फ्लॅग्ज आणि आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातली इमॅजिका या दोन नावांवर प्रश्नांची रीघ लागली. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे मांडली आहेत. कोणता शेअर घ्यावा किंवा विकावा याचा सल्ला यात नाही.

सिक्स फ्लॅग्ज ही कोणती कंपनी? गोव्यातल्या माणसाने तिच्याविषयी का वाचावं?

टेक्सास राज्यात, डॅलस आणि फोर्ट वर्थ या शहरांच्या मधल्या आर्लिंग्टन गावी १९६१ साली अँगस विन या उद्योजकाने सुरू केलेलं हे उद्यान. पुढे त्याची साखळी झाली. १९९८ साली प्रीमियर पार्क्स नावाच्या कंपनीने सुमारे १९० कोटी डॉलरच्या व्यवहारात ही साखळी विकत घेतली आणि २००० साली स्वतःच सिक्स फ्लॅग्ज हे नाव लावलं.

वाचावं अशासाठी की या एकाच कंपनीच्या इतिहासात सगळं सापडतं: कर्ज काढून वाढवलेला पसारा, संचालक मंडळावरचा ताबा मिळवण्यासाठी झालेली लढाई, दिवाळखोरी, त्यातून बाहेर येणं आणि मग पुन्हा अडचण. शिवाय धंदा हंगामी आहे. हंगामावर पोट असलेल्या आपल्या राज्यात तो समजायला सोपा जातो.

उद्यानात पाय ठेवायला जागा नसते. मग तोटा होतो कुठे?

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न आला, आणि इतर बहुतेक उत्तरं याच्यातूनच निघतात.

किनाऱ्यावर शॅक टाकणाऱ्याचा हिशेब डोळ्यांसमोर आणा. परवान्याचं शुल्क, वासे, झावळ्या, स्वयंपाकघर, माणसं आणायचा खर्च, सगळं ऑक्टोबरच्या आधी. पर्यटक आले तरी हे पैसे गेले, नाही आले तरी गेले. पावसाळ्याआधी सगळं उतरवायचं, म्हणजे कमाईचे महिने मोजकेच. आता हाच शॅक त्याने व्याजाच्या पैशांवर उभा केला असेल तर डिसेंबरात टेबलं भरलेली दिसूनही त्याच्या हातात काय उरलं, हे बाहेरच्याला कळणार नाही.

उद्यानाचं गणित तेच, फक्त आकडे अजस्र. एक मोठा रोलर कोस्टर उभा करायला कोट्यवधी डॉलर लागतात. एकदा उभा राहिला की त्यात दिवसाला शंभर माणसं बसली काय किंवा दहा हजार, वीज, देखभाल, विमा आणि चालवणाऱ्यांचे पगार यांत फारसा फरक पडत नाही. म्हणून चांगल्या वर्षी ठराविक खर्च निघाल्यानंतर येणारा प्रत्येक पाहुणा जवळजवळ निव्वळ कमाई देतो. वाईट वर्षी हेच उलटं फिरतं. अमेरिकेच्या उत्तर भागात उद्यानं थंडीत बंद असतात आणि वर्षाच्या कमाईचा मोठा भाग उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत होतो. त्या आठवड्यांत शनिवार-रविवारी पाऊस लागला तर ते दिवस गेले. न विकलेली साडी पुढच्या वर्षी विकता येते. न भरलेला जुलैचा रविवार विकता येत नाही.

ठराविक खर्च आधीच डोईजड असताना त्यावर ठराविक व्याजही चढवलं, की चुकायला जागाच उरत नाही. माझं ठाम मत आहे की करमणूक उद्यानं पाहुण्यांअभावी क्वचितच बुडतात. ती बुडतात ते वरच्या लोकांनी चांगल्या वर्षाचा आकडा धरून कर्ज काढलेलं असतं म्हणून. गर्दी सगळ्यांना दिसते. कर्ज ताळेबंदात असतं आणि तो फारसा कोणी उघडत नाही.

२००९ साली सिक्स फ्लॅग्ज दिवाळखोरीत का गेली?

थेट कारण एका तारखेत आहे: १५ ऑगस्ट २००९. कंपनीने पूर्वी विकलेल्या एका प्रकारच्या प्राधान्य समभागांचे (ज्यांचा हक्क सामान्य शेअरच्या आधी येतो) पैसे, तीस कोटी डॉलरच्या आसपास, त्या दिवशी परत करायचे होते. शिवाय डोक्यावर सुमारे २४० कोटी डॉलरचं कर्ज होतं. अशा वेळी कंपन्या नवं कर्ज काढून जुनं फेडतात. पण २००८ च्या शरद ऋतूत अमेरिकेतला पतपुरवठाच आटला होता. २००९ च्या वसंतात स्वाइन फ्लूची साथ आली आणि मेक्सिको सिटीतलं त्यांचं उद्यान काही काळ बंद ठेवावं लागलं. रोखेधारकांशी, म्हणजे कंपनीचे रोखे घेऊन तिला कर्ज दिलेल्यांशी, तडजोड जमेना. शेवटी १३ जून २००९ रोजी कंपनीने न्यायालयाकडे संरक्षण मागितलं.

यातली अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की आदलं वर्ष, म्हणजे २००८, उद्यानांसाठी चांगलं गेलं होतं. सुमारे अडीच कोटी लोक येऊन गेले आणि सगळा खर्च, व्याज आणि नव्या राईड्सची गुंतवणूक वजा जाता हातात रोकड उरली. पाहुण्यांनी आपलं काम केलं होतं. खालच्या कामगारांनीही केलं होतं. मोडलं ते वरचं आर्थिक बांधकाम, आणि ते १९९८ नंतरच्या खरेदीसत्रात उभं राहिलं होतं.

मग दोष कोणाचा? डॅन स्नायडर आणि मार्क शॅपिरो यांची नावं नेहमी येतात.

दोघांची नावं येणं योग्य आहे, पण सगळा दोष त्यांच्या माथी मारणं योग्य नाही.

मूळ कर्ज आधीचे सीईओ कीरन बर्क यांच्या कारकिर्दीत वाढलं. त्यांनी देशोदेशी उद्यानं घेतली, मग ओझं पेलेना तेव्हा २००४ साली युरोपातला धंदा आणि ओहायोतलं मोठं उद्यान विकून टाकलं. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचे तेव्हाचे मालक डॅन स्नायडर यांनी २००५ साली भागधारकांची मतं गोळा करून संचालक मंडळावर ताबा मिळवला. डिसेंबरात बर्क गेले आणि ईएसपीएन या क्रीडावाहिनीतून आलेले, पस्तिशीच्या आसपासचे मार्क शॅपिरो सीईओ झाले.

शॅपिरोंनी कुटुंबांना परत आणायचं ठरवलं. स्वच्छता वाढवली, धूम्रपानावर बंधनं आणली, लहान मुलांच्या आवडीची पात्रं आणि मिरवणुका आणल्या. हे सगळं बरोबरच होतं. २००७ साली सात उद्यानं ३१.२ कोटी डॉलरना विकून थोडं कर्जही हलकं केलं. पण त्याच वर्षी ही कर्जबाजारी कंपनी स्नायडर यांच्या गुंतवणूक कंपनीसोबत डिक क्लार्क प्रॉडक्शन्स या टीव्ही निर्मिती संस्थेच्या खरेदीत उतरली आणि सुमारे ४० टक्के हिस्सा घेऊन बसली. परतफेडीची तारीख दोन वर्षांवर आली असताना टीव्हीच्या धंद्यात पैसे घालणं मला आजही समजत नाही. अध्यक्षांची (इथे स्नायडर यांची) एक कंपनी दुसऱ्या कंपनीला सोबत घेऊन खरेदी करते, तेव्हा संचालक मंडळात कोणीतरी उभं राहून हे आत्ताच का, असा प्रश्न विचारायचा असतो.

दिवाळखोरी म्हणजे उद्यानाला टाळं लागलं का?

नाही. अमेरिकेच्या कायद्यातल्या अकराव्या प्रकरणाखाली धंदा चालू ठेवून देण्याची फेररचना करता येते. त्या उन्हाळ्यात पाळणे फिरत होते आणि सिझन पासही चालत होते.

दोन जागा मात्र सुटल्या. केंटकीतल्या लुईव्हिलचं उद्यान भाड्याच्या जागेवर होतं, ते २०१० साली सोडून दिलं. पुढे दुसऱ्या लोकांनी ते २०१४ साली पुन्हा उघडलं. न्यू ऑर्लिन्सचं उद्यान तर ऑगस्ट २००५ च्या कटरिना वादळात पाण्याखाली गेलं होतं आणि पुन्हा कधी उघडलंच नाही. गंजलेले पाळणे तिथे जवळजवळ दोन दशकं तसेच उभे राहिले.

शेअर घेतलेल्यांना काय मिळालं?

जुन्या भागधारकांचे शेअर रद्द झाले. २०१० च्या वसंतात कंपनी बाहेर आली तेव्हा मालक होते रोखेधारक, आणि कर्ज निम्म्याहून कमी झालं होतं. स्नायडर मंडळावरून गेले, काही दिवसांत शॅपिरोही गेले.

गोव्यात हे समजावताना मी म्हापसा अर्बन आणि मडगाव अर्बन या बँकांचं उदाहरण देतो. रिझर्व्ह बँकेने त्यांचे परवाने अनुक्रमे २०२० आणि २०२१ साली रद्द केले. ठेवीदारांचे हाल झाले, तरी पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण होतं. शेअरला असं काहीही नसतं. आपल्याकडच्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतही कंपनी मोडीत निघाली की आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची दोन वर्षांपर्यंतची देणी आणि तारण असलेले सावकार, त्यांच्यामागून बाकीचे, आणि अगदी शेवटी सामान्य भागधारक असा क्रम आहे. गोव्यातल्या कंपनीचं प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे चालतं.

एवढी जमीन असते. थोडी विकून कर्ज का फेडत नाहीत?

ॲस्ट्रोवर्ल्डचं उदाहरण प्रत्येक संचालकाने पाठ करावं असं आहे. ह्यूस्टन शहरातलं हे १९६८ पासूनचं उद्यान. जमिनीला चांगला भाव येईल म्हणून सिक्स फ्लॅग्जने ते ऑक्टोबर २००५ मध्ये बंद केलं. राईड्स उतरवल्या, मोडल्या. २००६ साली जमीन विकली तेव्हा आले ७.७ कोटी डॉलर, अपेक्षेपेक्षा बरेच कमी, आणि त्यातूनही पाडकामाचा खर्च गेला. पैसा एकदाच आला. दरवर्षी येणारी कमाई मात्र कायमची गेली, आणि शहरातल्या पिढ्यांच्या आठवणींची जागा रिकामं मैदान होऊन बसली. ज्यांनी हे केलं ते लगेच पायउतारही झाले. निर्णय घेणारा निघून जातो आणि त्याची किंमत मागे राहिलेले मोजतात, हा या सगळ्या इतिहासातला मला सगळ्यात बोचणारा भाग आहे.

सीईओ इतक्या वेळा का बदलतात?

सिक्स फ्लॅग्जपुरतं पाहा. २०१० मध्ये जिम रीड-अँडरसन आले. २०१६ मध्ये जॉन डफी, २०१७ मध्ये पुन्हा रीड-अँडरसन. २०१९ च्या अखेरीस पेप्सिको कंपनीत मुरलेले माइक स्पॅनोस. २०२१ च्या नोव्हेंबरात सेलीम बसूल, जे आधी हॉटेलांच्या स्वयंपाकघरातली यंत्रं बनवणारी मिडलबी कंपनी चालवत होते. २०२४ मध्ये विलीनीकरणानंतर रिचर्ड झिमरमन. डिसेंबर २०२५ मध्ये जॉन रायली.

नवी मोठी राईड कागदावर आल्यापासून सुरू व्हायला दोन-तीन वर्षं सहज लागतात. म्हणजे एका सीईओने मागवलेल्या राईडचं उद्घाटन दुसरा करतो आणि तिने पैसे आणले की नाही हे तिसऱ्याच्या काळात कळतं. मग जबाबदारी कोणावर टाकणार?

दुसरं कारण संचालक मंडळ. सीवर्ल्ड ही दुसरी अमेरिकन कंपनी घ्या. तिथे गस अँटोर्चा फेब्रुवारी २०१९ मध्ये आले आणि सप्टेंबरात गेले. त्यांच्यानंतर सर्ज रिव्हेरा नोव्हेंबरात आले आणि एप्रिल २०२० मध्ये गेले. दोघांच्याही राजीनाम्याचं कारण कंपनीनेच जाहीर केलं होतं: कारभारात संचालक मंडळ किती लक्ष घालतं यावरून मतभेद. मोठा गुंतवणूकदार मंडळावर बसून रोजचा कारभार चालवू लागला की सीईओची खुर्ची नावापुरतीच राहते.

तिकिटाचे दर वाढवले तर कमाई वाढणार नाही का?

बसूल यांनी हाच प्रयोग केला. करोनाने कंपनीचं कंबरडं मोडलं होतं: २०१९ मध्ये ३ कोटी २८ लाख पाहुणे, २०२० मध्ये फक्त ६८ लाख. २०२१ मध्ये आकडा २ कोटी ७७ लाखांवर आला. बसूल यांचं म्हणणं होतं की स्वस्त पासांमुळे उद्यानं किशोरवयीन मुलांना दिवसभर सोडायची जागा झाली आहेत. कमी लोक येऊ देत, पण जास्त खर्च करणारे येऊ देत. सवलती कमी केल्या, दर वाढवले. २०२२ मध्ये पाहुणे आले २ कोटी ५ लाख.

माणशी खर्च वाढला हे खरं. पण एका वर्षात चौथा हिस्सा पाहुणे गेले आणि एकूण कमाईही घटली. पुढच्या वर्षी सवलती पुन्हा वाढवून आकडा २ कोटी २२ लाखांपर्यंत आणावा लागला. गर्दी कमी असावी ही इच्छा चुकीची नव्हती, रांगेत दोन तास उभं राहायला कोणालाच आवडत नाही. चूक झाली ती वेगात. दरवर्षी येण्याची सवय असलेल्या घराला तुम्ही एका हंगामात तोडलंत, तर ते घर दुसरी जागा शोधतं. मग ती सवय परत लावायला कितीतरी हंगाम जातात.

२०२४ च्या विलीनीकरणाने सगळं सुधारणार होतं ना?

सीडर फेअर ही ओहायोतली जुनी प्रतिस्पर्धी कंपनी. नोव्हेंबर २०२३ मध्ये घोषणा झाली, १ जुलै २०२४ रोजी दोन्ही एक झाल्या. कर्जासह मूल्य सुमारे ८०० कोटी डॉलर, ४२ उद्यानं, मुख्यालय नॉर्थ कॅरोलिनातलं शार्लट. नाव सिक्स फ्लॅग्जचं राहिलं, सीईओ सीडर फेअरचे झिमरमन झाले आणि बसूल कार्यकारी अध्यक्ष. वार्षिक बचतीची मोठी आश्वासनं दिली गेली.

पण दोन कर्जबाजारी घरं एकत्र आली म्हणून कर्ज आटत नाही. नव्या कंपनीच्या डोक्यावर जवळपास ५०० कोटी डॉलरचं ओझं होतं. २०२५ चा मोसम पावसाने आणि उकाड्याने सुरुवातीलाच बिघडवला. वॉशिंग्टनजवळचं मेरिलँडमधलं उद्यान २ नोव्हेंबर २०२५ रोजी कायमचं बंद झालं. तिसऱ्या तिमाहीत कंपनीने सुमारे १५० कोटी डॉलरची गुडविल निर्लेखित केली आणि त्या तिमाहीचा निव्वळ तोटा १२० कोटी डॉलरच्या आसपास गेला. ऑक्टोबरात जाना पार्टनर्स हा गुंतवणूकदार गट, फुटबॉलपटू ट्रॅव्हिस केल्सीला सोबत घेऊन, सुमारे ९ टक्के हिश्शासह पुढे आला आणि बदलाची मागणी करू लागला. वीस वर्षांपूर्वी स्नायडर आले होते त्याच वाटेने.

गुडविल निर्लेखित केली, म्हणजे पैसे कुठे गेले?

त्या तिमाहीत गेले नाहीत, आधीच गेले होते. एखादी कंपनी तिच्या मालमत्तेपेक्षा जास्त किमतीला घेतली की वरची रक्कम गुडविल म्हणून ताळेबंदात बसते. ती कमाई येणार नाही असं दिसलं की वजा करावी लागते. ही सरळ कबुली असते की घेताना जास्त मोजले.

इमॅजिकाचं काय झालं होतं?

गोव्यातून मे महिन्याच्या सुट्टीत कोकण रेल्वेने पनवेलला उतरून खोपोलीला गेलेली कितीतरी घरं माझ्या माहितीत आहेत. बहुतेकांना तिथे आनंदच मिळाला. म्हणूनच ही कंपनी अडचणीत आल्याचं त्यांना खरं वाटत नव्हतं.

ॲडलॅब्स या फिल्म प्रयोगशाळेमुळे नाव कमावलेले मनमोहन शेट्टी यांनी हे स्वप्न पाहिलं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत एप्रिल २०१३ मध्ये थीम पार्क सुरू झालं, २०१४ मध्ये वॉटर पार्क, २०१५ मध्ये हॉटेल, नंतर बर्फाचं दालन. प्रकल्पाचा खर्च सुमारे १,६०० कोटी रुपये आणि त्यातला फार मोठा भाग बँकांकडून आलेला. मार्च २०१५ मध्ये कंपनी बाजारात उतरली. जमवायच्या रकमेचा मोठा हिस्सा कर्जफेडीसाठीच होता. शेअरचा दरपट्टा आधी २२१ ते २३० रुपये होता. मागणी येईना तेव्हा तो १८० ते २१५ वर आणला, मुदत वाढवली आणि अखेर १८० रुपयांना शेअर दिले. गुंतवणूकदारांनी तेव्हाच दिलेला तो इशारा होता.

पुढे अंदाजाएवढे पाहुणे आलेच नाहीत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तोच २८ टक्क्यांनी. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्के झाला, पण तोवर हप्ते ओढणं कंपनीला जड झालं होतं. कर्ज थकलं. मग करोना, आणि उद्यानच बंद. १८० चा शेअर एक आकडी झाला. जून २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ताबा घेतला, बँकांनी आपल्या येण्यावर मोठं पाणी सोडलं आणि नवे मालक बऱ्याच हलक्या कर्जानिशी कामाला लागले. लोणावळा आणि शिर्डीची उद्यानं ते आधीपासून चालवत होते, त्यामुळे तिकीट खिडकीपासून पंपापर्यंत धंदा त्यांच्या ओळखीचा होता.

शेट्टींच्या जिद्दीविषयी मला आदर आहे. महाराष्ट्रात एवढं देखणं उद्यान उभं करून दाखवणं सोपं नव्हतं. चुकलं ते प्रमाण. जे उद्यान पहिल्या मालकाच्या हातात बुडत होतं तेच, त्याच पाळण्यांसह, दुसऱ्याच्या हातात उभं राहिलं, कारण दुसऱ्याला ते कमी कर्जात मिळालं.

कर्ज न काढता हा धंदा करता येतो का?

वंडरला ही उद्यानांची कंपनी पाहा. विजेची उपकरणं बनवणाऱ्या व्ही-गार्ड कंपनीचे कोचौसेफ चित्तिलप्पिळ्ळी यांनी २००० साली कोचीत पहिलं उद्यान काढलं. दुसरं बंगळूरला २००५ मध्ये, तिसरं हैदराबादला २०१६ मध्ये, मग २०२४ मध्ये भुवनेश्वर आणि २०२५ च्या अखेरीस चेन्नई. हैदराबाद ते भुवनेश्वर आठ वर्षं. कंपनी बऱ्याच राईड्स स्वतःच्या कारखान्यात बनवते आणि कर्ज जवळजवळ घेतच नाही. चेन्नईचा प्रकल्प तर स्थानिक मनोरंजन कराचा प्रश्न सुटेपर्यंत कित्येक वर्षं रोखून धरला. करोनात तिचीही उद्यानं बंद होती. फरक इतकाच की दारात बँक उभी नव्हती.

डिस्नेचं तरी चुकत नसेल?

पॅरिसजवळचं उद्यान १२ एप्रिल १९९२ रोजी उघडलं आणि दोन वर्षांत बँकांच्या दारात गेलं. कर्ज, चढे व्याजदर, अपेक्षेपेक्षा रिकामी हॉटेलं. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर वाइन न देण्याचा नियमही १९९३ मध्ये मागे घ्यावा लागला. १९९४ मध्ये कर्जाची फेररचना झाली आणि सौदीचे राजपुत्र अलवलीद यांनी मोठा हिस्सा घेतला. तरी वाचलं, कारण पाठीशी डिस्ने होती.

कंपनी अडचणीत असेल तर मुलांना राईडवर बसवावं का?

आईबापांचा हा प्रश्न रास्त आहे. तोटा आहे म्हणून राईड असुरक्षित, असं सरळ समीकरण नाही. विमा कंपन्या आणि राईड बनवणारे तपासणीचा आग्रह धरतात, आणि एका अपघाताने काय होईल हे मालकांनाही ठाऊक असतं. पण काटकसर आधी माणसांत दिसते. पट्टा तपासणारा प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून पाहतो का? एकच जण तिकीटही घेतो आणि कळही दाबतो असं होतं का? हे रांगेत उभ्या उभ्या दिसतं. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत आकाशपाळण्यापाशीही मी हेच पाहतो. शंका आली तर बसू नका, तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ द्यात.

गोव्यात एखादं भव्य उद्यान यावं का?

आपल्याकडची वॉटर पार्क सगळ्यांना माहीत आहेत. ती बेताची आहेत, आणि तेच त्यांचं बळ आहे. हजार-दीड हजार कोटींचं काही येणार असेल तर माझा विरोध सरसकट नसेल, पण शंका मोठ्या आहेत. राज्याची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास. वर्षाला कोटीभर पर्यटक येतात हे खरं, पण ते समुद्रासाठी येतात आणि तीन-चार दिवसांत परततात. मोठी उद्यानं जगतात ती दोन तासांच्या अंतरावर राहणाऱ्या, वर्षातून तीनदा येणाऱ्या घरांवर. त्यात चार महिने धो धो पाऊस. आणि पाणी कुठून आणणार, हे ज्या गावात प्रकल्प येईल तिथल्या ग्रामसभेत आधी सांगावं लागेल. बँकेने किती पैसे दिले आणि प्रवर्तकाने स्वतःच्या खिशातून किती घातले, हेही त्याच ग्रामसभेत विचारायला हवं. रोजगाराची आश्वासनं ऐकून जमिनी द्यायच्या आणि सहा वर्षांनी गंजलेले पाळणे बघायचे, हे आपल्या एवढ्याशा राज्याला परवडणारं नाही.

अहवाल हातात आला तर आधी कोणतं पान उघडावं?

अध्यक्षांचं पत्र आणि हसऱ्या मुलांचे फोटो सोडून द्या. आधी कर्जाची टिपणी काढा आणि परतफेडीच्या तारखा वहीत उतरवा. पुढच्या दोन वर्षांत किती द्यायचंय ते पाहा. मग रोख प्रवाहाच्या पानावर जाऊन धंद्यातून प्रत्यक्ष किती रोकड आली ते बघा आणि त्यातून व्याज वजा करा. घसाऱ्याआधीचा नफा ठळक अक्षरांत छापलेला असतो, पण पाळणे झिजतात आणि बदलावे लागतात, म्हणून त्यावर विसंबू नका. पाहुण्यांची संख्या आणि माणशी खर्च हे दोन्ही आकडे पाच वर्षांचे शेजारी शेजारी लिहा. शेवटी संचालकांची यादी: कोण कधी आलं, कोण मुदतीआधी गेलं, आणि उद्यान चालवल्याचा अनुभव त्यांच्यापैकी किती जणांना आहे. भारतीय कंपन्यांचे अहवाल बीएसई आणि एनएसई यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात, अमेरिकन कंपन्यांचे तिथल्या रोखे आयोगाच्या संकेतस्थळावर. इंग्रजीची अडचण वाटली तर आकड्यांपासून सुरुवात करा, मजकूर नंतर वाचता येईल.